पॉइंट टू-टूच्या गोळ्या विखुरतात? स्कोप बदलण्याआधी हे तपासा

क्लबात नव्याने आलेल्या नेमबाजाचा टार्गेट पेपर चाळणीसारखा परत आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "स्कोप गेलाय बहुतेक." स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, महागडा, चकचकीत, नॉब असलेला, त्यामुळे संशय आधी त्याच्यावर जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा एखाद्या सैल स्क्रूत, काडतुसांच्या डब्यात किंवा रायफलीखालच्या वाळूच्या पिशवीत निघतो. स्कोप बिघडतच नाही असं नाही, पण त्याची पाळी शेवटी यायला हवी. बाकीचं सगळं तपासायला जवळजवळ पैसे लागत नाहीत, नवा स्कोप मात्र खिसा रिकामा करतो.

हा लेख पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ लाँग रायफल काडतुसाच्या बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या) रायफलीबद्दल आहे. एअर रायफलवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे. एक गोष्ट नव्या लोकांना माहीत नसते: ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं ते पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून पाहायच्या भिंगाविना साइटवर. स्कोप लागतो तो बेंचवरच्या नेमबाजीला, क्लबातल्या खुल्या स्पर्धांना आणि रायफल किंवा काडतुसं तपासायला.

कायद्याचं एका वाक्यात: पॉइंट टू-टूला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो हातात नसेल तर क्लबची रायफल, क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीत, एवढाच मार्ग आहे.

आधी रोग ओळखा

दोन तक्रारी नेहमी एकमेकींत मिसळतात. पाच भोकं एकमेकांना चिकटून आली आहेत, पण सगळी काळ्या गोलाच्या डावीकडे चार सेंटिमीटर. ही अचूकतेची तक्रारच नाही, झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी पडण्याची जुळणी, हललंय. नॉब फिरवा, काम झालं. याउलट भोकं पेपरभर पसरली असतील तर नॉबला हात लावू नका. क्लिक (नॉबचा एकेक टप्पा) फिरवून ग्रुप, म्हणजे भोकांचा झुबका, लहान होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. नवीन माणूस प्रत्येक गोळीमागे दोन क्लिक इकडे, तीन तिकडे करत राहतो आणि अर्ध्या तासाने रायफल कुठे मारते आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून सुरुवात अशी करा. कोऱ्या टार्गेटवर पाच गोळ्या, मध्ये कुठेही नॉब न फिरवता. मग नवीन टार्गेट, पुन्हा पाच. असे चार पेपर. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. तीन गोळ्या नशिबाने चिकटू शकतात. "ही एक माझ्याकडून चुकली, ती धरू नका" असं म्हणत एक भोक पुसायचं नाही. रायफल कशी आहे हे ते भोकच सांगतं.

मोजायचं कसं? सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून गोळीची जाडी, ढोबळ ५.६ मिलिमीटर, वजा करा. आता हा आकडा वाईट की चांगला? ५० मीटर रायफलीच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, नऊचं २६.४ आणि आठचं ४२.४. नीट अवस्थेतली साधी रायफल, बऱ्यापैकी काडतुसं आणि पिशव्यांचा आधार असेल तर ५० मीटरवर पाच गोळ्या नऊच्या वर्तुळाच्या मापात बसायला हरकत नाही. मॅच रायफल (स्पर्धेसाठी बनवलेली) आणि तिला मानवणारी मॅच काडतुसं जुळली तर हा आकडा दहाच्या वर्तुळाजवळ येतो. तुमचा ग्रुप २५ मिलिमीटरच्या आत असेल आणि हातात जुनी ब्रनो (चेक बनावटीची रायफल) असेल तर रायफलीला काहीही झालेलं नाही. घरी जा, चहा प्या. ५० मिलिमीटरच्या वर जात असेल तर पुढे वाचा.

एक छोटी वही ठेवा. तारीख, वेळ, काडतुसाचा ब्रँड आणि डब्यावरचा लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक), वारा कसा होता, काय बदललं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. स्क्रू आवळले, काडतुसं बदलली आणि बॅरल साफ केली, हे सगळं एकाच सकाळी केलंत तर सुधारलं कशामुळे हे कधीच कळणार नाही, आणि महिन्याने पुन्हा बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात.

माणूस आणि आधार

हे कुणाला ऐकायला आवडत नाही, पण पहिली तपासणी स्वतःची. सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे तीच रायफल, तीच काडतुसं, तोच बेंच, आणि क्लबातला एखादा मुरलेला नेमबाज. त्याचा ग्रुप आठच्या आत आणि तुमचा बाहेर, तर स्क्रू ड्रायव्हर परत पिशवीत टाका.

त्याचाही ग्रुप पसरला तर आधाराकडे पाहा. रायफल कधीही लाकडी पट्टीवर, टेबलाच्या कडेवर किंवा बॅरलवर टेकवायची नाही. कडक पृष्ठभागावर गोळी सुटताना ती उडते, आणि बॅरल टेकली तर तिची थरथर दर वेळी वेगळी होते. फोरएंडखाली (लाकडाच्या पुढच्या भागाखाली) भरगच्च वाळूची पिशवी, बटखाली (खांद्याला टेकणाऱ्या टोकाखाली) दुसरी लहान पिशवी. फोरएंड पिशवीवर दर वेळी त्याच ठिकाणी टेकला पाहिजे. त्यासाठी लाकडावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून खूण करा. पुढच्या पिशवीवर स्लिंगचा, म्हणजे पट्ट्याचा, हुक घासतोय का हेही बघा, तो हळूच रायफल अडवतो.

मग गाल. चीक पीसवर गाल एका गोळीला दाबलेला, दुसरीला नुसता टेकलेला, असं झालं की डोळा स्कोपच्या मधोमध राहत नाही. स्कोपमध्ये कडेला काळी चंद्रकोर दिसते आहे का ते पाहा. दिसत असेल तर एकतर गाल चुकतोय किंवा स्कोप डोळ्यापासून चुकीच्या अंतरावर बसवलाय.

ट्रिगरबद्दल कोच रोज सांगतात, त्यामुळे थोडक्यात: गोळी सुटली त्या क्षणी क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, कुठे होतं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर डोळे मिटताय. घरी रिकाम्या ट्रिगरचा सराव करण्याआधी मॅन्युअल वाचा. काही जुन्या पॉइंट टू-टूंमध्ये रिकामा घोडा पाडला की फायरिंग पिन थेट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर आदळते आणि तिथे खड्डा पडतो. मग काडतूस अडकतं, मिसफायर होतात आणि दुरुस्ती खर्चिक. अशा रायफलीत डमी काडतूस वापरा.

स्क्रू: इथे वेळ घालवा

माझ्या मते अर्ध्याहून जास्त "खराब स्कोप" इथेच बरे होतात. म्हणून हा भाग घाईत उरकू नका.

रायफल रिकामी करा, बोल्ट बाहेर काढा, मागून चेंबरमध्ये पाहून खात्री करा. नागदेवी स्ट्रीटवर ॲलन की आणि टॉर्क्स बिटचा चांगला संच मिळतो. घासलेली की वापरून स्क्रूचं डोकं खराब करण्यापेक्षा तो घ्या. लहान मापाचा टॉर्क स्क्रू ड्रायव्हर (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) मिळाला तर उत्तम.

स्कोप तीन ठिकाणी सुटू शकतो. रिंगच्या (स्कोपची नळी धरणाऱ्या कड्याच्या) वरच्या टोपीत, रिंग आणि बेसच्या (तिच्याखालच्या पट्टीच्या) जोडात, आणि बेस व रिसीव्हरच्या (बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाच्या) जोडात. पहिले दोन बाहेरून दिसतात, तिसरा स्कोपच्या खाली लपलेला असतो, म्हणून तोच राहून जातो. वरचे स्क्रू दर आठवड्याला आवळणारे लोक मी पाहिले आहेत, आणि खाली बेसचा पुढचा स्क्रू बोटाने फिरत असतो. बेस तपासायचा तर स्कोप उतरवावाच लागतो. उतरवण्याआधी ट्यूब आणि रिंगवरून एक बारीक पेन्सिलची रेघ मारा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. बसवून झाल्यावर रेघेच्या जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या. पुढे कधी ट्यूब रिंगमध्ये सरकली तर ठिपक्याला तडा जातो आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतं.

बेसचे स्क्रू काढा, आटे आणि भोकं स्पिरिटने पुसा. मुंबईत लोक गंजाच्या भीतीने सगळीकडे तेल सोडतात आणि नेमक्या या आट्यांतही सोडतात. तेलकट स्क्रू थरथरीने सैल होतो. बेस पक्का झाला की रिंग. टोपीचे स्क्रू एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत. समोरासमोर, कोपऱ्यातून कोपऱ्यात, थोडं थोडं. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. टोपीला साधारण २ न्यूटन-मीटर पुरे. स्कोपच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. टॉर्कचं हत्यार नसेल तर ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू दोन बोटांत धरून आवळा. जास्त आवळलं तर ट्यूब चेपते आणि आतली यंत्रणा अडकते. हा स्वतःच्या हाताने बिघडवलेला स्कोप.

आता लाकडाचे, म्हणजे ॲक्शनचे (रायफलीचा धातूचा भाग लाकडात आवळणारे) स्क्रू. ही चाचणी मला फार आवडते. स्कोपला हात न लावता रायफल उभी धरा, बट जमिनीवर. डाव्या हाताची तर्जनी अशी ठेवा की तिचं टोक एकाच वेळी बॅरलला आणि फोरएंडच्या टोकाला लागेल. उजव्या हाताने पुढचा ॲक्शन स्क्रू सावकाश सैल करा, मग परत आवळा. बोटाखाली काहीच हललं नाही तर रायफल लाकडात नीट बसली आहे. बॅरल लाकडापासून सुटल्यासारखी हलली तर ॲक्शन खाली वाकून, ताणात बसते आहे, आणि प्रत्येक गोळीनंतर ती जराशी वेगळ्या जागी येते. हे बेडिंगचं, म्हणजे ॲक्शन लाकडात नीट बसवण्याचं काम, ते आर्मररकडे, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे. घरी एपॉक्सी ओतायचा उद्योग करू नका.

नुसतेच स्क्रू सैल असतील तर मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा, आधी पुढचा. मॅन्युअल हरवलं असेल तर घट्ट, पण जोर न लावता, आणि दर वेळी तेवढंच. वहीत लिहून ठेवा.

बॅरल मोकळी हवी तिथे मोकळी आहे का ते पाहायला कागदाची पट्टी बॅरल आणि लाकूड यांच्यामधून रिसीव्हरच्या दिशेने सरकवा. अडली तर तिथे लाकूड टेकतंय. अडली म्हणजे दोषच असं नाही. काही जुन्या रायफलींत फोरएंडच्या टोकाशी टेकू मुद्दाम दिलेला असतो. पण गेल्या हिवाळ्यात पट्टी सहज जात होती आणि आता श्रावणात अडते, तर लाकूड फुगलंय.

पेपर काय सांगतो

हे झाल्यावर पुन्हा चार पेपर मारा. अजूनही पसरतंय? आता भोकांचा आकार वाचा.

दोन वेगवेगळे झुबके, दोन-तीन गोळ्या इथे आणि दोन-तीन तिथे: काहीतरी दोन जागी बसतंय. सैल बेस, सैल ॲक्शन स्क्रू, किंवा गालाच्या दोन सवयी. एकामागून एक गोळी एकाच दिशेने सरकत जाणं: स्कोप रिंगमध्ये घसरतोय किंवा तापलेली बॅरल लाकडाला टेकतेय. उभी रांग: काडतुसांचा वेग कमी-जास्त होतोय, किंवा श्वास आणि पिशवी. आडवी रांग: आधी वारा, मग ट्रिगर, मग रायफल एका बाजूला कलणं. चारी दिशांना गोल पसरणं सर्वांत निरुत्तर करणारं. तिथे बहुधा काडतुसं किंवा बॅरल.

ही सूत्रं नव्हेत, संशयाच्या दिशा आहेत. उभी रांग पाहून कुणी लगेच काडतुसांना दोष देतो, आणि मागची पिशवी अर्धी रिकामी असते.

वाऱ्याला मात्र कमी लेखू नका. ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ५० मीटरवर साधारण अडीच सेंटिमीटर सरकते. नऊच्या वर्तुळाची पूर्ण रुंदी. मुंबईत सकाळी हवा पडलेली असते आणि दुपारकडे समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. वरळीसारख्या समुद्राजवळच्या ठिकाणी बारानंतर उघड्या लेनवर रायफल तपासणं म्हणजे वारा तपासणं. सकाळची पहिली वेळ घ्या. लेनच्या मध्यावर काठीला लोकरीचा धागा बांधता आला तर बांधा. टार्गेटजवळचा झेंडा एक सांगतो आणि तुमच्या नाकासमोरचा वारा दुसरं.

काडतुसं

पॉइंट टू-टूची प्रत्येक बॅरल लहरी असते. एकाच कारखान्याच्या, लागोपाठ नंबरच्या दोन रायफली एकाच डब्यातल्या काडतुसांवर वेगळ्या वागतात. परदेशी लेखांत "दहा ब्रँड आणा आणि मारून बघा" असं सर्रास लिहिलेलं असतं. आपल्याकडे परवान्यावरचा कोटा आणि क्लबात येणारा माल यांत ते जमत नाही. जे दोन-तीन प्रकार क्लबमार्फत मिळतात त्यांचे प्रत्येकी चार ग्रुप मारा आणि वहीत लिहा. एक जुळला की त्याच लॉट नंबरचे जितके डबे परवान्यात बसतील तितके घ्या. त्याच ब्रँडचा पुढचा लॉट वेगळा निघू शकतो.

वेग हा यातला मोठा भाग. स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास सुटतं, हाय व्हेलॉसिटी ३८० च्या. ३० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. म्हणजे हाय व्हेलॉसिटी गोळी टार्गेटकडे जाताना ध्वनिवेगाच्या वरून खाली येते, आणि त्या पट्ट्यात तिचा तोल बिघडू शकतो. नवीन माणसाला वाटतं, जास्त वेग म्हणजे जास्त नेम. कागदावर भोकं पाडायची असतील तर स्टँडर्ड घ्या.

ब्रँड बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांवरून निकाल देऊ नका. या गोळ्यांवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं. जुन्या ब्रँडचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत ग्रुप भटकतो. डब्यातली काडतुसं हातात घेऊन पाहा: शिशाच्या टोकाला खड्डा, गोळी केसमध्ये हलणारी, रिमला चेप, अशी बाजूला काढा. ती तपासणीत नकोत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत डबे ठेवू नका.

एक सुरक्षेची गोष्ट. नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतं "फुस्स" झालं तर तिथेच थांबा. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. बोल्ट काढा, रेंज ऑफिसरला बोलवा, बॅरल आरपार मोकळी आहे हे दिसल्याशिवाय पुढचं काडतूस भरायचं नाही. आणि ट्रिगर दाबूनही काही झालं नाही तर रायफल टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा.

बॅरल

इथे दोन टोकाची माणसं भेटतात. एक कधीच साफ न करणारा, दुसरा रोज ब्रश घालणारा. पॉइंट टू-टूचं शिसं मऊ आणि वेग कमी, त्यामुळे बॅरल झिजायला खूप काळ जातो. चुकीच्या रॉडने मात्र ती लवकर खराब होते. साफसफाई नेहमी चेंबरकडून तोंडाकडे, प्लास्टिकचा थर असलेला एकसंध रॉड आणि बोअर गाइड (रॉड मध्यावर धरणारी नळी) लावून. गाइड मिळत नसेल तर ओढायची दोरी. तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा रॉड तोंडातून आत घालणं सर्वांत वाईट.

कारण नेम ठरतो बॅरलच्या तोंडाशी. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्या कडेला, क्राउनला, होतो. तिथे एका बाजूला बारीकसा ओरखडा असला तरी मागून सुटणारा वायू एकीकडून आधी निघतो आणि गोळीला ढकलतो. तपासायला कानात घालायचा कापसाचा बोळा पुरे. रिकाम्या रायफलीच्या तोंडाशी आतून बाहेर, कडेवरून सगळीकडे फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे बर, म्हणजे धातूचा बारीक काटा, आहे. भिंगातून पाहा आणि आर्मररकडे न्या. सॅंडपेपर लावू नका.

आतला दुसरा दोष चेंबरच्या पुढच्या टोकाशी साचणारी कार्बनची कडक रिंग. काडतूस नेहमीपेक्षा जोराने ढकलावं लागतंय आणि ग्रुप हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे, बिघडत गेलाय, तर हिच्यावर संशय घ्या. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ भिजत ठेवा, ब्रॉन्झ ब्रश फक्त त्या भागात फिरवा, मग कोरडे पॅच (कापडाचे तुकडे). पूर्ण साफ केलेल्या बॅरलला पुन्हा ग्रुपवर यायला वीसेक गोळ्या लागतात. स्पर्धेच्या आदल्या रात्री बॅरल चकचकीत करणाऱ्यांना हे सांगून थकायला होतं. तेल लावून ठेवलेली रायफल असेल तर मारण्याआधी कोरडा पॅच फिरवायचाच.

आता स्कोप

इथपर्यंत आलात आणि ग्रुप अजून सुधारला नाही, तर स्कोपची पाळी.

आधी नजर. स्कोप फळ्यावर किंवा मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्य कुठेही जवळ नको. डोळ्याकडची रिंग फिरवून क्रॉसहेअर धारदार करा. एकदम पाहा, दोन सेकंदांत नजर काढा, कारण डोळा स्वतःच सांभाळून घेतो. हे एकदाच करायचं.

मग पॅरॅलॅक्स. रायफल पिशव्यांवर अशी बसवा की हात न लावता क्रॉसहेअर टार्गेटच्या मध्यावर राहील. आता रायफलीला स्पर्श न करता डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर सरकताना दिसलं तर तो पॅरॅलॅक्स. पॉइंट टू-टूसाठीचे स्कोप बहुधा ५० यार्डांवर पॅरॅलॅक्स जुळवून बांधलेले असतात, मोठ्या रायफलींचे १०० यार्डांवर. शिकारी रायफलीचा १०० यार्डांवाला ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप पॉइंट टू-टूवर चढवला, तर ५० मीटरवर डोळा अगदी कडेला गेल्यास गणिताने नऊ मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो, २५ मीटरवर तर चौदा-पंधरा. बाजूचा नॉब किंवा पुढची रिंग असेल तर ती फिरवून सरकणं थांबवा. नॉबवर छापलेल्या अंतरावर विसंबू नका. असा नॉबच नसेल तर डोळा मध्यावर ठेवण्याची सवय हाच उपाय.

आता नॉब खरंच सांगितलं तेवढं फिरतात का? पाव मिनिटाचा (कोनाच्या मिनिटाचा, वेळेच्या नाही) एक क्लिक ५० मीटरवर ३.६ मिलिमीटर. टार्गेटवर तीन गोळ्या मारा. वीस क्लिक वर, त्याच ठिकाणी नेम धरून तीन. वीस उजवीकडे, तीन. वीस खाली, तीन. वीस डावीकडे, तीन. सुमारे ७२ मिलिमीटरचा चौकोन दिसला पाहिजे आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिनांवर पडल्या पाहिजेत. परत येत नसतील तर स्कोप खरोखर दोषी. काडतुसं वाचवायची असतील तर रायफल घट्ट बसवा, ५० मीटरवर मोठ्या आकड्यांची पट्टी लावा आणि न मारता नुसतं क्लिक फिरवून क्रॉसहेअर पट्टीवर किती सरकतं ते वाचा.

दुसरं, नॉब टोकाला तर नाही ना? एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत क्लिक मोजा आणि मध्यावर आणा. झिरो करताना नॉब जवळजवळ संपत आला असेल तर आतल्या स्प्रिंगला जोर उरत नाही आणि क्रॉसहेअर दर गोळीला भटकतं. दोष स्कोपचा नाही, बेस तिरका बसलाय.

शेवटची कसोटी अदलाबदल. दुसऱ्या रायफलीवर नीट चालणारा स्कोप तुमच्यावर चढवा, किंवा तुमच्या रायफलीला साधी साइट असेल तर स्कोप उतरवून तिने मारा. साधी साइट लावून ग्रुप लहान आला, तर खुशाल नवा स्कोप घ्या.

मुंबईची हवा

दमट हवा इथे वेगळा शत्रू आहे. एसी बेडरूममधून किंवा एसी टॅक्सीतून रायफल थेट जुलैच्या रेंजवर उघडली की भिंगांवर वाफ धरते, आणि तशीच बॅरलमध्येही. बॅग बंद ठेवूनच वीस मिनिटं बाहेर राहू द्या, मग उघडा. पुसायचं झालं तर बनियनने नाही, भिंगाच्या कापडाने.

फोमची केस प्रवासापुरती. तिच्यात आठवडाभर ठेवलेली रायफल ओलावा धरून बसते आणि गंज केसच्या आकारात उठतो. घरी परवान्याच्या अटींप्रमाणे कुलपात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्यांनी रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतात. स्कोपलाही पुड्या हव्यात. पावसाळ्यात बंद कपाटात भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते. चित्र फिकट आणि धुरकट होतं आणि लोक त्यालाही "फोकस बिघडला" म्हणतात. आतल्या भिंगावर आली तर ती घरी निघत नाही.

रेंजवरून निघण्याआधी साबणाने हात धुवा. शिशाचा अंश बोटांवर असतो आणि पुढे कँटीनचा वडापाव असतो.

एअर रायफलवाल्यांसाठी

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून मुंबईत बहुतेकांची सुरुवात तिथून होते. वरचं बरंचसं जसंच्या तसं लागू, फरक दोन. स्प्रिंगची रायफल दोन्ही दिशांना झटका देते. साधा स्कोप त्यात फुटतो किंवा ११ मिलिमीटरच्या खाचेवर मागे सरकतो. स्प्रिंगसाठी म्हणून विकलेला स्कोप आणि मागे अडवणारी पिन असलेला माउंट घ्या. आणि तिला पिशवीवर घट्ट दाबू नका. उघड्या तळहातावर सैल टेकवा, तिला हलू द्या. पीसीपीत (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफलीत) ग्रुप उभा पसरत असेल तर सिलिंडरचा दाब पाहा. रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) नसलेल्या रायफलीत दाब उतरला की वेग बदलतो. छर्‍याचा मागचा पातळ घेर चेपलेला असेल तर तो फेका.

आर्मररकडे जाताना

बेडिंग, क्राउन, चेंबर, ट्रिगर यांना परवानाधारक आर्मररशिवाय कुणाचाही हात लागू देऊ नका. ओळखीच्या लेथवाल्याकडे बॅरल देणं कायद्यातही बसत नाही. जाताना परवाना, रायफल, जी काडतुसं वापरता त्यांचा डबा आणि लॉट नंबर, वही, आणि ते चारही पेपर न्या, तारखेसकट. "नीट मारत नाही" एवढंच सांगितलंत तर तो सगळं उघडेल आणि सगळ्याचे पैसे घेईल. "स्क्रू तपासले, दोन लॉट मारले, दुसऱ्या स्कोपवरही पंचावन्न मिलिमीटर, कापूस उजवीकडे अडकतो" असं सांगितलंत तर तो थेट भिंग घेऊन तोंडाशी वाकेल. घरून निघताना स्कोप उतरवू नका. तो जसा बसलाय तसाच त्याला पाहू द्या.